गच्चीवरचा उन्हाळी टोमॅटो : नोंदवही, डिसेंबर २०२४ ते जून २०२५

८ डिसेंबर २०२४, रविवार

पहिल्या हप्त्याचं बी आज ट्रेमध्ये टाकलं. काम एकच: एप्रिल-मेमध्ये गच्चीवरून खाण्याजोगा टोमॅटो काढायचा. थंडीत कोल्हापुरात टोमॅटो कुणालाही येतो, खरकट्यातलं बी परसात पडलं तरी झाड होतं. होळी झाली की खरी गंमत. झाड हिरवंगार, फुलांनी भरलेलं, खाली फुलांचा सडा आणि फळाचा पत्ता नाही. उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलं, त्यामुळे मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून यंदा वही.

घर कसबा बावड्यात, वर स्लॅब, पश्चिमेला सगळं उघडं. सावलीला दुसरी इमारत नाही.

वाण तीन. अर्का रक्षक हा बेंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा संकरित वाण. पानं आकसणारा व्हायरस, जिवाणूची मर आणि लवकर येणारा करपा, तिन्हींना दाद देत नाही; फळ ९० ते १०० ग्रॅमचं, घट्ट. दुसरा चेरी, लेकीच्या हट्टापायी. तिसरा शिरोळकडच्या मामाचा गावठी: चपटा, खाचांचा, पातळ सालीचा, आंबट. त्याला नाव नाही. मामी वर्षानुवर्षं बी राखून ठेवते.

१५ डिसेंबर

रक्षक आणि चेरी उगवले. गावठी अजून मान वर काढत नाही. रात्री गार आहेत, ट्रे आत घेतोय.

५ जानेवारी २०२५, रविवार

रोपं बादल्यांत गेली. बादल्या रंगाच्या, २० लिटरच्या, पेंटरकडून उचललेल्या. भोकं बुडालाही पाडली आणि बाजूलाही, बुडापासून दोन बोटं वर. माती अशी: दोन भाग मामाच्या मळ्यातली, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. रोप पहिल्या पानापर्यंत खोल गाडलं, कारण टोमॅटोच्या देठाला मातीत मुळं फुटतात.

भिजलेली बादली पंचवीस किलोच्या घरात जाते. म्हणून सगळ्या बादल्या कठड्याला लागून, जिथं खाली भिंत आहे तिथंच. लोक गच्चीच्या मधोमध ड्रम मांडतात आणि मग स्लॅबला तडे का गेले म्हणून विचारत फिरतात.

गळीत हंगाम सुरू आहे, त्यामुळे उसाचं पाचट मागाल तेवढं फुकट. दोन पोती भरून आणलं. प्रत्येक बादलीत चार बोटं जाड थर टाकला, बाकीचं मार्चसाठी माळ्यावर ठेवलं.

२६ जानेवारी, रविवार

दुसरा हप्ता पेरला, तेच तीन वाण. हा मुद्दाम उशिरा. पहिला हप्ता फेब्रुवारीत फुलावर येईल, हा मार्चच्या शेवटाला. माती, पाणी, खत दोन्हींना सारखं. फरक पडला तर तो फक्त फुलोऱ्याच्या वेळेचा असेल.

९ फेब्रुवारी

पहिल्या हप्त्याला कळ्या उमलल्या. टोमॅटोच्या फुलाचं परागीभवन त्याचं तेच होतं, पण पराग नळीत बंद असतात आणि फूल हलल्याशिवाय सांडत नाहीत. शेतात वारा हे काम करतो. मधमाशीचा इथं फारसा उपयोग नाही, तिला फुलाला धरून थरथरता येत नाही. भुंग्याला येतं. आमच्या कठड्यावर काळा भुंगा अधूनमधून येतो, त्याला हाकलायचं नाही असं घरात बजावून ठेवलंय. भुंग्याच्या भरवशावर न राहता सकाळी नऊच्या पुढं, दव वाळल्यावर, बांबूवर टिचकी मारतो. उजेडात बघितलं तर पिवळी धूळ उडताना दिसते.

बगलफूट, म्हणजे पानाच्या बेचक्यातला जादा फुटवा, गावठीची काढतोय, रक्षकची नाही. उन्हाळ्यात फळावर पानांची सावली हवी.

२६ फेब्रुवारी

शिवरात्र. मामा आला होता. जिना चढून गच्चीवर आला, पहिला हप्ता बघून मान हलवली, दुसऱ्या हप्त्याच्या रोपांपाशी थांबला.

"ही कवा लावलीस?"

"तीन दिवस झालं, मामा."

"उन्हाळ्याचं पीक आसंल तर शिवरात्रीला झाडावर गोळी दिसाय पायजे. कळी न्हवं, गोळी. हे आता पाला करणार नुस्ता."

"तेच तर बघायचंय."

"बघ की. बादली तुझी, पानी तुझं."

पहिल्या हप्त्यावर गोळ्या, म्हणजे बारकी फळं, धरल्यात. रक्षकच्या दुसऱ्या घोसापर्यंत जवळपास सगळी फुलं टिकली.

९ मार्च, रविवार

आजची नोंद महत्त्वाची, म्हणून लांब.

टोमॅटोच्या सेटिंगला, म्हणजे फुलाचं फळ धरायला, दुपारपेक्षा रात्र जास्त नडते. दुपारी ३५ अंशांच्या वर जाणं वाईटच, पण रात्र १५ ते २० अंशांत उतरली तर झाड सावरतं. रात्र २२-२४ च्या खाली येईनाशी झाली की परागच नीट तयार होत नाहीत. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, रात्री वारं सुटतं, त्यामुळे मार्चमधलं पहाटेचं तापमान तसं बरं असतं. मग गच्चीवर फूल का गळतं?

वर्कशॉपमधला लेझरचा थर्मामीटर घरी आणला. दुपारी तीनला उघडा स्लॅब ५४ अंश. रात्री दहाला स्लॅब अजून ३३ आणि बादल्यांच्या उंचीवरची हवा २८. पहाटे साडेपाचला हवा २३. म्हणजे पेपरात छापून येणारा किमान आकडा माझ्या झाडांना कधी भेटतच नाही. दिवसभर तापलेली पाच इंचांची काँक्रीटची लादी रात्रभर ती उष्णता परत सोडत राहते आणि झाडं त्या शेगडीवर उभी असतात. खाली परसात, मातीवर, त्याच रात्री दहाला २४ होते.

आई जिन्यातून बघत होती. म्हणाली, "त्या टोमॅटोला काय कामावर जायचंय व्हय रं, रोज ताप बघाय लागलायस?"

यावर केलेली कामं. बादल्या विटांवर चढवल्या, स्लॅब आणि बुडामध्ये वीतभर हवा खेळती ठेवली. गच्चीला चुना फासला, दोन हात, थोडा डिंक घालून, म्हणजे पावसापर्यंत टिकेल. बादल्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळलं. पश्चिमेच्या कठड्यावर ३५ टक्क्यांची पांढरी शेडनेट उभी बांधली, डोक्यावर नाही. सकाळचं ऊन झाडाला हवं, दुपारी दोननंतरचं नको. पन्नास टक्क्यांची हिरवी नेट दुकानदार आग्रहानं गळ्यात मारतो. ती रोपवाटिकेला ठीक; टोमॅटो तिच्याखाली उजेडासाठी नुसता उंच होत जातो.

१६ मार्च

चुन्यानंतर: दुपारी तीनला स्लॅब ४३, रात्री दहाला २९, हवा २६. संध्याकाळी सात वाजता गच्चीवर धुण्याचं पाणी शिंपडलं तर दहाची हवा २५. गोणपाट आणि पाचट असलेल्या बादलीची माती चार बोटं खोल ३१, उघड्या बादलीची ३८. एवढ्या खर्चात एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. चुना, डिंक, विटा, सगळं मिळून एका शेडनेटपेक्षा स्वस्त.

१९ मार्च

रंगपंचमी. गल्लीतली पोरं गच्चीवर. झाडांना चादरी. काम बंद.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभी करताना बघितलं तर पहिल्या घोसातल्या रक्षकच्या दोन फळांना बुडाशी रंग आला होता. चेरी आठवडाभर आधीपासून चालू आहे, पण ती खाली स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही. लेक वरच संपवते.

बाजारात टोमॅटो मातीमोल आहे. कपिलतीर्थ मंडईत दहा-पंधरा रुपयांत किलो, संध्याकाळी तर ढीगच घ्या म्हणतात. शेजारचे काका विचारतात, मग हा खटाटोप कशाला? पैशासाठी नाही, हे त्यांना सांगून पटत नाही. गावठीची कोशिंबीर एकदा खायला घालणार आहे.

६ एप्रिल, रविवार

दुपार ३८. आजपासून पिकवण्याचा प्रयोग. रक्षक आणि गावठीच्या ज्या घोसांत फळं एकाच वेळी गुलाबी व्हायला लागलीत, त्यातली अर्धी देठासकट काढली, अर्धी झाडावर ठेवली. काढलेली जुन्या माजघरात, माठाशेजारी, परातीत एकाच थरात, देठ खाली करून. तिथं दिवसभर २६-२७ च्या वर जात नाही.

कारण असं: टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन साधारण तिशीपर्यंतच्या तापमानात तयार होतं. त्यावर गेलं की ते बनायचं थांबतं, पण पिवळं-नारिंगी कॅरोटीन बनत राहतं. म्हणून एप्रिलमध्ये झाडावर 'पिकलेला' टोमॅटो नारिंगी निघतो, खांद्याला पिवळा आणि टणक. लोक खताला दोष देतात. उन्हातल्या फळाचं अंग तर हवेपेक्षाही जास्त तापतं: आज लेझरनं मोजलं, उघड्यावरचं फळ ४४, पानाआडचं ३६.

१२ एप्रिल

जोतिबाची यात्रा, शहर गुलालात. शॉप बंद होतं म्हणून दुसऱ्या हप्त्यापाशी निवांत बसलो.

मामा म्हणाला तसंच झालं. झाडं माझ्या छातीला लागली, फुलं भरपूर आणि सकाळी टिचकी मारली की धुळीऐवजी फूलच देठाच्या गाठीतून तुटून खाली पडतं. शॉपमधलं भिंग लावून बघितलं. बऱ्याच फुलांत मधली काडी परागांच्या नळीच्या बाहेर डोकावतेय. थंडीतल्या फुलात ती आत असते. बाहेर आली की पराग तिच्यावर पडायचे कसे? उष्णतेत असं होतं हे वाचलं होतं, स्वतः बघितल्यावर पटलं.

आणखी एक गोष्ट वहीमुळे जुळली. गळ सर्वांत जास्त झाली ती सर्वांत तापलेल्या दिवशी नाही, त्यानंतर आठवडा-दहा दिवसांनी. पराग घडतात ते फूल उमलण्याच्या आठवडा-दीड आठवडा आधी, कळी बारीक असताना. आज गळणारं फूल मार्चच्या शेवटच्या रात्रींत बिघडलेलं आहे. म्हणून फूल गळायला लागल्यावर दुकानातून फवारणीची बाटली आणून काही होत नाही, तोवर पुढच्या कळ्याही भाजलेल्या असतात.

चेरीला मात्र दुसऱ्या हप्त्यातही फळ धरलंय. घोसात वीस फुलं, त्यातली निम्मी टिकली तरी ओंजळ भरते.

१३ एप्रिल, रविवार

प्रयोगाचा निकाल. माठाशेजारची रक्षकची फळं एकसारखी लाल, कापल्यावर आतही लाल. झाडावरची नारिंगी, खांद्याला पिवळा पट्टा, मधला दांडा पांढरा. डोळे मिटून बायकोला आणि आईला चाखायला दिली. दोघींनी घरात पिकवलेला रक्षक उचलला. गावठीत दोघींना फरक कळला नाही. तो आंबटपणावरच जगतो, रंग कसाही असो.

यापुढे नियम: बुडाला गुलाबी दिसलं की तोडायचं. झाडालाही ओझं कमी होतं, पाखरंही टोचत नाहीत. घाई असेल तर परातीत एक पिकलं केळ ठेवायचं, त्यातून निघणाऱ्या इथिलीननं एक-दोन दिवस वाचतात. फ्रिज नाही. बारा अंशांच्या खाली टोमॅटोचा वास मरतो आणि परत येत नाही. पूर्ण पिकलेला आणि उरलेलाच तेवढा आत जाईल, तोही खायच्या आधी तासभर बाहेर.

२० एप्रिल, रविवार

घरचा माल पुरत नाही, म्हणून लक्ष्मीपुरीच्या बाजारात. हीही नोंद वहीत घेतो, कारण उन्हाळ्यात चांगला टोमॅटो विकत आणणं हेही लावण्याइतकंच डोक्याचं काम आहे.

लांबून येणारा माल हिरवा-पांढुरका असतानाच तोडतात, क्रेटमध्ये तो वाटेत रंग धरतो. जाड सालीचे वाण त्यासाठीच निवडलेले असतात. त्यात व्यापाऱ्याची लबाडी काही नाही. नारायणगावहून किंवा कर्नाटकातून इथवर पातळ सालीचा टोमॅटो आणला तर उतरवताना सार होईल. जुन्नर भागातला उन्हाळी माल चांगला दिसतो तोही आपल्यापेक्षा तिथल्या रात्री बऱ्या म्हणून, असं माझं मत.

बाजारात मी तीन गोष्टी बघतो. देठाच्या खळीला वास आहे का. नसेल तर लाल असून उपयोग नाही. एकाच आकाराची दोन फळं दोन हातांत घेऊन जड कुठलं. हलकं फळ आत पोकळ निघतं, उन्हात सेटिंग अर्धवट झाली की असंच होतं. आणि खांदा: पिवळा टणक पट्टा असेल तर तो शिजतही नाही. चकाकीकडे बघत नाही, ओल्या फडक्यानं पुसलं की कुठलाही टोमॅटो चकाकतो.

बांधावरचा माल घेऊन बसणाऱ्या एक मावशी आहेत, टोपली छोटी, फळं लहानमोठी. मी वास घ्यायला लागलो तसं म्हणाल्या, "रश्श्याला पायजे का कोशिंबिरीला?"

"दोन्हीला, मावशी."

"मग दोन जागी घ्या. ह्यो नरम रश्श्याला आजच्या आज. कोशिंबिरीला त्यो फिक्का घ्या, परवा खावा."

फिक्का म्हणजे नेमका गुलाबी झालेला. दोन किलो घेतला आणि माठाशेजारी ठेवला.

२७ एप्रिल

रक्षकच्या काही फळांच्या बुडाला काळे, चामड्यासारखे डाग. हा रोग नाही. कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही, कारण ते पाण्याबरोबरच जातं आणि दुपारच्या वाऱ्यात सगळं पाणी पानं ओढून घेतात. मातीत चुना घालून लगेच भागत नाही. पाणी एकदम भरपूर देण्याऐवजी पहाटे आणि संध्याकाळी असं विभागलं. काळ्या पाइपातलं पहिलं पाणी चटका बसेल असं असतं, ते बादलीत काढून निवल्यावर वापरायचं.

कठड्याच्या टोकाच्या झाडाला पश्चिमेकडून पांढरे कागदी चट्टे, ऊन लागल्याचे. नेट तिथं तोकडी पडते. फळांवर जुन्या वर्तमानपत्राच्या टोप्या.

११ मे

पांढरी माशी वाढली. गावठीच्या दोन झाडांची शेंड्याची पानं आकसून वाटीसारखी झाली. व्हायरस. यावर औषध नाही, माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. झाडं पोत्यात घालून मुळासकट काढली. पिवळे चिकट सापळे वाढवले, पानांच्या खालच्या बाजूला निंबोळी अर्क. रक्षक शेजारीच उभा आहे, त्याला काही नाही. या एका गुणासाठी त्याची चव थोडी कमी असलेली मी चालवून घेतो.

पहिल्या हप्त्याचा मोठा माल संपत आला. चेरी चालू.

२२ मे

वळीव म्हणावा तर थांबेना. दोन दिवस पाऊसच. गच्ची गार, रात्री दहाला हवा २२. पिकायला आलेली फळं देठाभोवती गोल तडकली: कोरड्या मातीत एकदम पाणी आलं की आतलं गर सालीपेक्षा वेगानं फुगतं. गुलाबी होती ती सगळी भिजत-भिजत काढली.

१ जून, रविवार

मॉन्सून यंदा मे संपायच्या आतच महाराष्ट्रात. दुसऱ्या हप्त्याला आता सेटिंग दिसतेय, रात्री उतरल्या म्हणून, पण फळ पोसायला चाळीस-पन्नास दिवस लागतात आणि आमच्या पावसात करपा तेवढे देत नाही. झाडं उपटली. निरोगी पाला खताच्या खड्ड्यात, करपलेला कचऱ्यात.

हिरवी फळं टोपलीभर निघाली. आईनं शेंगदाणे, लसूण आणि आमची कांदा-लसूण चटणी घालून तव्यावर परतली, वरवंट्यानं ठेचली. शेजारच्या काकांकडे वाटीभर गेली आणि वाटी लगेच परत आली, रिकामी.

पुढच्या हंगामासाठी: पेरणी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, दुसरा हप्ता फक्त चेरीचा. पुसा सदाबहार मिळाला तर बघायचा, रात्र तिशीला गेली तरी फळ धरतो अशी त्याची ख्याती आहे. शेडनेट कठड्याच्या टोकापर्यंत. चुना पाडव्याच्या तोंडावर नाही, शिवरात्रीलाच.

निरोगी गावठी झाडाची दोन मोठी फळं बियांसाठी राखली होती. गर काचेच्या ग्लासात दोन दिवस आंबत ठेवलाय, वर फेस आला की धुऊन तळाशी बसलेलं बी सावलीत वाळवायचं. अर्धं मामीकडे जाईल. रक्षकचं बी धरलं नाही, संकरित आहे, दुसऱ्या पिढीत तसाच येत नाही.